फिलिपिनो पासपोर्टवर फिरायला जायचंय? आधी ही फाइल तयार करा

आमच्या घरात दोन पासपोर्ट आहेत, माझा निळा आणि बायकोचा मरून. बायको फिलिपिन्समधल्या इलोइलोची, मी साताऱ्याचा, राहतो मनिलात. बायको, सासूबाई, मेव्हणी, मेव्हणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, अशा सगळ्यांचे व्हिसाचे फॉर्म भरून भरून मी आता घरचा फुकट एजंट झालोय. आणि हल्ली आपले मराठी लोकपण विचारायला लागलेत, कारण कुणाची बायको फिलिपिनो, कुणाची व्हायचीय, दुबईत ओळख झाली आणि आता तिला पुण्याला घरच्यांना भेटवायला न्यायचंय, मग काय काय लागतं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. फी आणि दिवस मी लिहितोय तेव्हाचे आहेत, बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या त्या एम्बसीच्या साइटवर एक नजर टाकाच.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. आपण भारतीय लोक व्हिसा मिळाला की सुटलो म्हणतो, मुंबईला इमिग्रेशनवाला जरा बघतो आणि शिक्का मारतो. फिलिपिनो माणसाला मात्र दोन दारं ओलांडायची असतात. पहिलं एम्बसीचं, आणि दुसरं त्याच्या स्वतःच्याच देशाचं, म्हणजे मनिलाच्या विमानतळावरचं इमिग्रेशन काउंटर. तिथल्या ऑफिसरला वाटलं की ही बाई फिरायला नाही, टुरिस्ट म्हणून गुपचूप कामाला चाललीय, तर व्हिसा असून, तिकीट असून, ती विमानात बसत नाही. याला इकडे ऑफलोड होणं म्हणतात आणि हा शब्द नुसता काढला तरी फिलिपिनो माणसाच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर असतो ना, आखातात कामाला जाताना क्लिअरन्स लागतो, साधारण तसला विचार, फक्त इकडे टुरिस्टलाही त्यातून जावं लागतं.

दोन्ही दारांवर प्रश्न तोच असतो, की परत येणार कशावरून? म्हणून दोन फायली करायच्या नाहीत, एकच करायची आणि तीच दोन्हीकडे न्यायची.

तर पहिली स्टेप पासपोर्ट. तो डीएफए, म्हणजे इकडचं परराष्ट्र खातं, देतं. ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायची, साधी फी ९५० पेसो, लवकर हवा असेल तर १,२००. २०१८ पासून मोठ्या माणसांना १० वर्षांचा मिळतो, १८ च्या खालच्या पोरांना ५ वर्षांचा. प्रवासाच्या तारखेला निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वर्षी कुणीतरी पाच महिने शिल्लक असलेला पासपोर्ट घेऊन स्वस्तातलं तिकीट काढून बसलेलं असतं.

इथेच नावाचं सांगून टाकतो कारण मराठी नवरे यात हमखास घोळ घालतात, मी पण घातला होता. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं किंवा नवऱ्याचं. फिलिपिनो पासपोर्टवर मिडल नेम म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आणि बाईने लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं की तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव मधे सरकतं. मी बायकोच्या पहिल्या फॉर्मवर सवयीने मिडल नेममध्ये माझं नाव टाकलं होतं, नशीब तिने सबमिट करायच्या आधी बघितलं आणि अर्धा तास हसत बसली. सगळीकडे पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाकायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. तिकिटावर मिडल नेमचा रकाना बहुतेक वेळा नसतोच, त्याची काळजी करू नका, पण फर्स्ट नेम दोन-तीन शब्दांचं असेल तर, आणि इकडे असतंच, मारिया अमुक तमुक, पूर्ण टाका.

दुसरी स्टेप, जायचं कुठे ते ठरवा. पहिल्यांदाच बाहेर पडणारा माणूस असेल तर माझा सल्ला असा की एकदम युरोपच्या मागे लागू नका, आधी शेजारी जाऊन या. आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाच्या गटातल्या, देशांत फिलिपिनो पासपोर्टला टुरिस्ट व्हिसा लागत नाही. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया ३० दिवस, व्हिएतनाम, कंबोडिया २१. हाँगकाँग १४ दिवस, मकाव ३०. तैवान २०१७ च्या नोव्हेंबरपासून १४ दिवस व्हिसाशिवाय घेतं, पण ती सवलत मुदतीची आहे, संपत आली की वाढवतात, त्यामुळे तुमच्या तारखेला ती चालू आहे का हे बघूनच तिकीट काढा. इस्रायल, ब्राझील, मोरोक्को पण व्हिसाशिवाय आहेत, आता फिलिपिन्सहून मोरोक्कोला कोण जातंय ते सोडा. इस्रायलला आता जायच्या आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते तेवढं लक्षात ठेवा. चीन, जपान, कोरिया, युरोप, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, यूएई, या सगळ्यांना व्हिसा लागतो.

व्हिसा-फ्री म्हणजे कागद नको असा अर्थ काढू नका. उलट गंमत अशी की विमानतळावर जास्त प्रश्न व्हिसा-फ्री देशाला जाणाऱ्यालाच येतात, कारण त्याला आधी कुठल्या एम्बसीने तपासलेलं नसतं.

तिसरी स्टेप म्हणजे खरी मेहनत, फाइल. यात काय काय टाकायचं ते सांगतो.

बर्थ सर्टिफिकेट, लग्न झालं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, दोन्ही पीएसएचे. पीएसए म्हणजे फिलिपिन्सचं स्टॅटिस्टिक्स खातं, जन्म-मृत्यू-लग्नाची सगळी नोंद त्यांच्याकडे. म्युनिसिपालिटीची कॉपी घरात असते ती चालत नाही, पीएसएच्या कागदावरचीच पाहिजे आणि ती पण जुनाट नको, ऑनलाइन मागवली की घरपोच येते. जन्माची नोंद उशिरा झालेली असेल, म्हणजे प्रोव्हिन्समधल्या जुन्या माणसांची असतेच, तर जपानसारखे देश सोबत चर्चचं बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट आणि फॉर्म १३७ नावाचं शाळेचं रेकॉर्ड मागतात. आमच्या सासूबाई घरीच जन्मलेल्या, नोंद झाली कितीतरी वर्षांनी, त्यांच्या गावच्या पॅरिशमध्ये जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलं तेव्हा मला माझी आजी आठवली, तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेला. हे कागद जमवायला वेळ लागतो, आठवडा उरलाय तेव्हा सुरू करू नका.

मग नोकरीचे. कंपनीचं सर्टिफिकेट ऑफ एम्प्लॉयमेंट, ज्याला सगळे सीओई म्हणतात, त्यात पद, पगार, कधीपासून काम करतेय हे पाहिजे, आणि रजा मंजूर केल्याचं पत्र, त्यात तारखा. ही रजेची चिठ्ठी माझ्या मते अख्ख्या फाइलमधला सगळ्यात कामाचा कागद आहे, कारण अमुक तारखेला माणूस परत टेबलावर हजर होणार हे तिथे तिसरंच कुणीतरी लिहून देतंय. टॅक्सचा फॉर्म २३१६, हा आपल्या फॉर्म १६ सारखा, कंपनीच देते. धंदा असेल तर धंद्याचं रजिस्ट्रेशन आणि इन्कम टॅक्स रिटर्न. सरकारी नोकर असेल तर त्याच्या खात्याची ट्रॅव्हल अथॉरिटी, ती नसेल तर विमानतळावर अडकणार. विद्यार्थी असेल तर शाळा-कॉलेजचं सर्टिफिकेट आणि खर्च करणाऱ्या आईबापाची कागदं.

आता बँक. इथे थोडं थांबतो कारण आम्ही इथेच तोंडावर पडलो होतो. बँकेकडून दोन गोष्टी घ्यायच्या, बँक सर्टिफिकेट आणि तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट. सर्टिफिकेटवर एव्हरेज डेली बॅलन्स छापून येतो आणि बघणारा माणूस आजच्या आकड्यापेक्षा तो आकडा आधी बघतो. मेव्हणीला युरोपला जायचं होतं, खात्यात पैसे कमी, मी मोठ्या शहाणपणाने आठवडाभर आधी दोन लाख पेसो तिच्या खात्यात टाकले, याला इकडे शो मनी म्हणतात आणि सगळेच करतात म्हणून मी पण केलं. व्हिसा रिजेक्ट. कारणांच्या छापील यादीत खर्चाच्या पैशाचा पुरावा पटला नाही त्यावर टिक. आणि बरोबरच होतं की, महिन्याला अठ्ठावीस हजार पगार येणाऱ्या खात्यात अचानक दोन लाख कुठून पडले याचा एका ओळीचा पण खुलासा आम्ही दिला नव्हता. दुसऱ्या वेळी तिचा खरा बॅलन्स तसाच ठेवला, ट्रिप पंधराऐवजी आठ दिवसांची केली, मी आणि बायको खर्च करणार असं सरळ पत्र लिहिलं, नातं दाखवायला दोघी बहिणींची बर्थ सर्टिफिकेटं आणि आमचं मॅरेज सर्टिफिकेट लावलं, माझं स्टेटमेंट लावलं. मिळाला. पैसा तेवढाच होता, फक्त या वेळी तो कुणाचा आहे ते खरं सांगितलं होतं.

शेवटी प्रवासाचे कागद: जाण्यायेण्याचं बुकिंग, हॉटेल, रोजचा प्लॅन. व्हिसा लागणारा देश असेल तर व्हिसा हातात येईपर्यंत रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका. इकडे एअरलाइनचे सेल लागले की लोक रात्री बारा वाजता जागून एक पेसोचं तिकीट मारतात आणि मग सकाळी विचारतात की आता व्हिसाचं काय. रोजचा प्लॅन साधा ठेवा. आठ दिवसांत पाच देश लिहिले की वाचणाऱ्यालाच दम लागतो.

आता देशवार थोडं.

जपान फिलिपिनो लोकांचं सगळ्यात लाडकं. आधी ठरावीक ट्रॅव्हल एजन्सीमार्फतच अर्ज जायचा, एप्रिल २०२५ पासून व्हिसा सेंटर सुरू झालंय, अपॉइंटमेंट घेऊन जायचं. साधा सिंगल एन्ट्री व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचा असतो, म्हणून फार आधी पण अर्ज टाकू नका. नाकारला तर कारण सांगत नाहीत आणि त्याच कामासाठी सहा महिने परत अर्ज करता येत नाही, तेव्हा अर्धवट फाइल घेऊन नशीब आजमावायला जाऊ नका, तिथे एक आठवडा उशीर परवडतो.

शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी जून २०२४ पासून ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या पोरांना निम्मी, त्याखाली फुकट. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, सारख्याच रात्री असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निदान १५ दिवस आधी तरी द्यायलाच लागतो, पण उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाही त्यामुळे १५ दिवसांवर जाऊ नका, तीन महिने धरा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. अमुक देशाचा व्हिसा सोपा म्हणून तिकडचं खोटं हॉटेल दाखवून दुसरीकडे फिरायचं, हे सल्ले देणारे खूप भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

अमेरिकेला डीएस-१६० फॉर्म, फी १८५ डॉलर, आणि इंटरव्ह्यू. मनिलाची एम्बसी रोहास बुलेव्हार्डवर आहे, समुद्राच्या कडेला, पहाटेपासून लायनीत फायली छातीशी धरून उभी माणसं दिसतील. पण तिथे फाइल उघडतील याचा भरवसा नाही, दोन-तीन मिनिटं बोलतात आणि ठरवतात, नाकारलं तर बहुतेक २१४ बी लिहिलेला कागद हातात देतात, म्हणजे तुम्ही परत याल हे आम्हाला पटलं नाही. सगळा जोर फॉर्मवर आणि उत्तरांवर. मिळाला तर मात्र साधारण दहा वर्षांचा मिळतो आणि त्याच्या जिवावर आणखी दारं उघडतात, मेक्सिकोला तो चालतो, आणि जून २०२३ पासून कॅनडाला विमानाने जाताना चालू अमेरिकन व्हिसा असलेल्या, किंवा गेल्या दहा वर्षांत कॅनडाचा व्हिसा मिळालेल्या फिलिपिनो माणसाला पूर्ण व्हिसाऐवजी सात डॉलरची ईटीए, म्हणजे ऑनलाइन परवानगी, पुरते, सात कॅनडाचे डॉलर. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचा अर्ज ऑनलाइन, वरचीच फाइल स्कॅन करून टाकायची.

चौथी स्टेप, विमानतळ. निघायच्या ७२ तासांच्या आत ई-ट्रॅव्हल या सरकारी साइटवर नोंद करायची, फुकट असते, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. मग ट्रॅव्हल टॅक्स, इकॉनॉमीला १,६२० पेसो, काही तिकिटांत आधीच धरलेला असतो, नसेल तर ऑनलाइन किंवा विमानतळावर भरायचा. ओएफडब्ल्यू, म्हणजे बाहेर कामाला असलेले, यांना माफ. आणि मराठी मंडळींनो, एक वर्षाच्या वर इकडे राहिलेल्या परदेशी माणसालाही हा भरावा लागतो, मी दर वेळी भरतो आणि दर वेळी कुरकुरतो. पोर १८ च्या आतलं असेल आणि एकटं किंवा आईबाप सोडून दुसऱ्या कुणाबरोबर, म्हणजे मावशी-आजीबरोबर, चाललं असेल तर डीएसडब्ल्यूडीचं, म्हणजे इकडच्या समाजकल्याण खात्याचं, ट्रॅव्हल क्लिअरन्स आधी काढा.

मग काउंटर. पासपोर्ट, बोर्डिंग पास, परतीचं तिकीट, लागत असेल तर व्हिसा, एवढंच बघून बऱ्याच जणांना सोडतात. कुठे, कशाला, कुणाबरोबर, किती दिवस, काय काम करता, कोण पैसे देतंय, हे प्रश्न येतात. उत्तर जेवढं विचारलं तेवढंच. शंका आली तर बाजूला सेकंडरी इन्स्पेक्शनला पाठवतात, तिथे फाइल काढायची. सगळं प्रिंट करून ठेवा, मोबाइलची बॅटरी आणि विमानतळाचं वायफाय दोन्ही ऐन वेळी दगा देतात. आणि वेळेआधी तीन-चार तास पोचा, कारण सेकंडरीत तास गेला तर विमान कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं त्रासाचं आहेच, आणि फिलिपिनो लोक त्यावर चिडतातही. २०२३ च्या मार्चमध्ये इस्रायलला निघालेल्या एका बाईचा व्हिडिओ खूप फिरला होता, तिला म्हणे शाळेचं इयरबुक आणलंय का म्हणून विचारलं आणि त्या प्रश्नोत्तरांत विमान गेलं. २०२२ मध्ये ३२,४०४ जणांना थांबवलं होतं आणि त्यातले तस्करीचे किंवा बोगस भरतीचे बळी निघाले ४७२. मग २०२३ च्याच ऑगस्टमध्ये कागदांचे नवे नियम जाहीर झाले, एवढा आरडाओरडा झाला की लागू व्हायच्या आधीच स्थगित करावे लागले. पण दुसरी बाजू पण आहे. कॉल सेंटरचा जॉब आहे सांगून पोरापोरींना टुरिस्ट म्हणून बँकॉकला उतरवायचं आणि तिथून म्यानमारच्या हद्दीत ऑनलाइन फसवणुकीच्या कंपाउंडमध्ये कोंडायचं, हे खरोखर झालेलं आहे, फिलिपिनो पण त्यात अडकले आणि आपली भारतीय पोरंसुद्धा. त्यामुळे बायकोला प्रश्न विचारले तेव्हा मी आता मागे उभा राहून तोंड वाकडं करत नाही.

आता ज्यांच्यासाठी मुळात लिहायला घेतलं ते, गर्लफ्रेंडला किंवा बायकोला भारतात आणायचं. फिलिपिनो पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा मिळतो, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने फिलिपिनो लोकांना एक वर्षासाठी ई-टुरिस्ट व्हिसा फुकट जाहीर केला होता, तेव्हा अर्ज करताना फी दिसतेय का ते बघा. निदान चार दिवस आधी अर्ज, फोटो आणि पासपोर्टचं पान अपलोड. साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपणारा पाहिजे, हुबेहूब दिसणाऱ्या आणि पैसे उकळणाऱ्या साइटी ढिगाने आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा, या विमानतळांवर ई-व्हिसावर उतरता येतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पासपोर्टवाल्यांना ई-अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरायचं असतं, ते पण फुकट.

लग्न झालेलं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट फाइलमध्ये टाका आणि जमलं तर बरोबरच प्रवास करा. लग्न व्हायचं असेल, आणि विशेषतः ओळख फक्त ऑनलाइन असेल, तर तिला एकटीला पहिल्यांदा मुंबईचं तिकीट पाठवू नका. ऑफलोडची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच असते, पैसे देणारा परदेशी, प्रत्यक्ष भेट नाही, पहिलाच प्रवास. आधी तुम्ही इकडे या. भारतीयांना ८ जून २०२५ पासून १४ दिवस व्हिसाशिवाय येता येतं, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा इंग्लंडचा चालू व्हिसा असेल तर ३० दिवस. तिच्या घरच्यांना भेटा, एकत्र फोटो काढा, तुमच्या पासपोर्टवर इकडचा शिक्का पडू द्या. मग ती निघेल तेव्हा तुमच्या पासपोर्टची कॉपी, निमंत्रणाचं पत्र, पत्ता, फोटो आणि तिची स्वतःची नोकरीची कागदं बरोबर द्या. आणि काउंटरवर तिला नुसता फ्रेंड आहे म्हणायला शिकवू नका, फोनमध्ये आय लव्ह यू दिसतं आणि तोंडाने फ्रेंड, मग पुढचं काही ऐकून घेत नाहीत. कायमचं राहायला, म्हणजे स्पाउस व्हिसावर जायचं असेल तर सीएफओचं, म्हणजे परदेशी जाणाऱ्या फिलिपिनोंसाठीच्या सरकारी कमिशनचं, काउन्सेलिंग आणि सर्टिफिकेट लागतं, तो वेगळाच प्रकार, टुरिस्टच्या फाइलमध्ये तो गुंतवू नका.

एकदा का ती पुण्याला घरी पोचली की आईला ओवाळायचं ताट तयार ठेवायला सांगा आणि तुम्ही लॅपटॉप उघडा. परदेशी पाहुणा घरात राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, हॉटेलवाले आपोआप करतात पण घरी राहणार असेल तर ती घरमालकाने करायची. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं म्हणजे झालं असं समजू नका, माझ्या वडिलांचा तोच समज होता.